निवृत्त बंदुकीचा हिशेब

(छत्रपती संभाजीनगरातील गारखेडा येथे कार्यकर्ता शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे पहाटे फेरी मारली, तर पोलीस भरतीची तयारी करणारी तरुण मुले-मुली धावताना दिसतात. पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड अशा तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरांतून ती आलेली असतात. त्यांच्यातील काहींची निवड होईल. कोणी याच शहराच्या सातारा परिसरातील राज्य राखीव पोलीस बलाच्या चौदाव्या गटात जाईल, कोणी जालन्याच्या तिसऱ्या, तर कोणी हिंगोलीच्या बाराव्या गटात. तेथे त्यांच्या हाती रायफल दिली जाईल. तिच्यावर कोरलेला क्रमांक त्यांना पाठ करावा लागेल आणि नेमबाजीच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत कराव्या लागतील. एक काडतूस कमी भरले, तर चौकशी लागेल. ही शिस्त योग्यच आहे.

परंतु हीच रायफल सरकारच्या लेखी म्हातारी होते, तिच्या जागी नवी येते, तेव्हा जुनीचे काय होते? जो हिशेब शिपायाकडून रिकाम्या पुंगळीपर्यंत मागितला जातो, तो शासनाकडून संपूर्ण रायफलीपुरता तरी कोणी मागतो का? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. बंदूक सहजासहजी मरत नाही. कापड विरते, मोटार गंजते. पण तेल घालून ठेवलेली रायफल शंभर वर्षांनीही गोळी सोडते. ब्रिटिश सैन्याने १८९५ साली स्वीकारलेल्या ली-एनफिल्ड घराण्यातील .३०३ रायफल, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ‘थ्री नॉट थ्री’, हे याचे ठळक उदाहरण. दोन महायुद्धे तिने लढली. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती पिढ्यानपिढ्या तयार झाली. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय लष्कराने तिला रजा देऊन स्वयंभरणाची एसएलआर घेतली. १९९० च्या दशकात एसएलआरच्या जागी इन्सास आली. लष्कराने सोडलेली जात पोलिसांकडे रुळत गेली आणि कवायतीपुरत्या निकामी केलेल्या काही रायफली छात्रसैनिकांच्या खांद्यावर आल्या. शस्त्रांचीही एक उतरंड असते. वरच्याने टाकलेले खालच्याच्या वाट्याला येते. समाजात जे जुन्या कपड्यांचे, तेच सरकारात जुन्या बंदुकांचे.

ही उतरंड इंग्रजांच्या काळापासूनची आहे. १८५७ च्या धक्क्यानंतर हिंदी शिपायाच्या हाती उत्तम शस्त्र द्यायचे नाही, हे धोरण ठरले. पुढे पोलीस व तुरुंगरक्षक यांच्यासाठी .३०३ रायफलींचेच एकेरी गोळीच्या .४१० मस्केटमध्ये रूपांतर करण्यात आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याच्या फेऱ्यात अडकवले आणि गोऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. शस्त्राचा हिशेब प्रजेने द्यायचा, राज्यकर्त्याने नाही, ही त्या कायद्यामागची वृत्ती होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. रंगभेद गेला, पण वृत्ती कितपत पालटली? या कायद्याच्या कलम ४५ नुसार केंद्र सरकारच्या आदेशाने होणारा, तसेच सरकारी सेवकाने कर्तव्य म्हणून केलेला शस्त्रांचा व्यवहार कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्यात बाळगणे आले, दुरुस्ती आली, विक्री आणि हस्तांतरणही आले. नागरिकाची गोष्ट निराळी. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना काढलेल्या शेतकऱ्याला निवडणूक आली की बंदूक जमा करण्याचा हुकूम येतो. परवान्याची मुदत संपली तर कलम २१ प्रमाणे ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि तिसरी एका वर्षात सोडण्यास सांगितले. ही बंधने काढावीत असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. मात्र ज्या राज्याने नागरिकाच्या तिसऱ्या बंदुकीचा हिशेब मागितला, त्याने स्वतःच्या हजारो निवृत्त बंदुकांचा हिशेब विधिमंडळापुढे मांडावा, अशी सक्ती या कायद्यात नाही. प्रश्न या विषमतेचा आहे.

जुने शस्त्र वेळेवर निवृत्त न करणे हाही गुन्हाच, हे महाराष्ट्राने रक्त सांडून पाहिले आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले. तेथून जेमतेम एक किलोमीटरवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या स्थानकात एके जातीच्या रायफली घेऊन आलेल्या दोघांसमोर तुटपुंज्या शस्त्रांनिशी पोलीस उभे होते. काहींच्या हाती तीच जुनी.३०३ होती. पोलीस निरीक्षक शशांक शिंदे तेथे धारातीर्थी पडले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी पुढे होऊन कसाबची रायफल धरून ठेवली आणि प्राण दिले. निःशस्त्र जनतेपुढे जे शस्त्र पुरेसे होते, ते खऱ्या शत्रूपुढे खेळणे ठरले. केंद्रीय गृहमंत्रालयाने १९९५ सालीच कालबाह्य ठरवलेली ही रायफल उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर कायमची खाली ठेवली. पंचवीस वर्षे साध्या शिपायाने ती का वाहावी, याचे उत्तर त्या शिपायाच्या घरच्या गरिबीत शोधावे लागते.

तेव्हा जुन्या बंदुका बदलल्याच पाहिजेत. पण बदलल्यानंतर काय?

अमेरिकेत याचे उत्तर बाजाराने दिले. तेथील अनेक पोलीस खाती नवी पिस्तुले घेताना जुनी विक्रेत्याला देतात आणि किमतीत सूट मिळवतात. विक्रेता तीच पिस्तुले दुकानात मांडतो. करदात्यांचा पैसा वाचला, असा खुलासा केला जातो. २०२४ साली तेथील पत्रकारांनी सरकारी नोंदी तपासून दाखवले की, २००६ पासूनच्या सुमारे सोळा वर्षांत पूर्वी पोलिसांच्या मालकीची असलेली ५२ हजारांहून अधिक शस्त्रे गुन्ह्यांच्या तपासात हाती लागली. जनतेच्या रक्षणासाठी जनतेच्या पैशाने घेतलेली बंदूक पुन्हा जनतेवरच रोखली गेली. वाचलेल्या पैशात दवाखान्यांचा आणि दहनाचा खर्च कोणी धरला होता का?

‘आपल्याकडे विकत नाहीत, नष्ट करतात,’ असे कोणी म्हणेल. धोरण म्हणून ते चांगलेच आहे. पण नष्ट करण्याचा आदेश म्हणजे नष्ट होणे नव्हे. दक्षिण आफ्रिकेत वितळवण्यासाठी आलेली शस्त्रे ज्याच्या ताब्यात होती, तो पोलिसांतील कर्नल ख्रिस प्रिन्स्लू हाच ती टोळ्यांना विकत होता. दोन हजारांच्या आसपास बंदुका अशा बाहेर गेल्या. २०१६ साली त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. त्या बंदुका पोहोचल्या कोठे? केपटाऊनच्या केप फ्लॅट्समध्ये. वर्णद्वेषी राजवटीने ज्यांना घरादारांतून हुसकून वाळूवर नेऊन टाकले, त्यांच्याच वस्त्यांत. श्रीमंतांच्या भिंतीआड त्या गेल्या नाहीत. मेलेल्यांची मुले गरिबांची होती.

भारतातही असे घडू शकते, याचा इशारा २०१८ साली मिळाला. जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारात निकामी ठरवलेल्या एके-४७ रायफलींचे सुटे भाग चोरून, एका निवृत्त शस्त्र-कारागिराने ते जुळवले आणि बिहारमधील मुंगेरच्या व्यापाऱ्यांना पुरवले, असा तपासयंत्रणांचा आरोप आहे. मुंगेरजवळच्या गावात काही रायफली चक्क विहिरीतून उपसून काढण्यात आल्या. ते भांडार लष्कराचे, पोलिसांचे नव्हे. पण धडा दोघांना सारखाच आहे. कागदावर मेलेली रायफल विहिरीतून जिवंत निघते. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो.

बंदुकीला निष्ठा नसते. महात्माजींच्या छातीवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते इटालियन सैन्यासाठी घडवलेल्या जातीचे होते आणि खुनाच्या दोनच दिवस आधी, २८ जानेवारी १९४८ रोजी, ग्वाल्हेरात मारेकऱ्यांच्या हाती आले. गडचिरोलीत १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर ५४ शस्त्रे खाली ठेवली. त्यांत इन्सास रायफलीही होत्या. इन्सास कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती सरकारी कारखान्यातच तयार होते. जंगलात ती दिसते, तेव्हा ती पूर्वी कधीतरी एखाद्या सरकारच्या शस्त्रागारात होती, एवढे निश्चित. लुटलेली असो, चोरलेली असो वा भंगारातून उठलेली. शस्त्र हातून निसटले की ते कोणाचेही होते.

यावर ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हणून तोंड बंद करण्याची सरकारांची रीत आहे. तिचा शांतपणे विचार करू. कोणत्या ठाण्यात किती रायफली आहेत, हे गुप्त ठेवण्याला अर्थ आहे. त्याने शत्रूला फायदा होऊ शकतो. परंतु तुकडे करून वितळवलेल्या रायफलीचे रहस्य कोणते? तिचा क्रमांक जाहीर केल्याने कोणाचे संरक्षण दुबळे होते? उलट, मृत शस्त्रांची यादी जितकी उघड, तितके त्यांतील एखादे पुन्हा जिवंत होणे कठीण. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा क्रमांक त्या यादीत निघाला, की चोर कोणत्या दाराने गेला हे लहान मुलालाही कळेल.

१९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाच्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत पोलीस गोळीबार झाला, तेव्हा डॉ. राममनोहर लोहियांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. पक्षात वादळ उठले. पण सरकारच्या हातातील प्रत्येक गोळीला जनतेपुढे उत्तर द्यावे लागते, हे तत्त्व त्यातून समाजवादी चळवळीच्या वाट्याला आले. ते तत्त्व बंदुकीच्या सेवाकाळापुरतेच का थांबावे? तिच्या अखेरीलाही ते लागू झाले पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याच्या गृहखात्याने दर वर्षी विधिमंडळापुढे एक पत्रक ठेवावे: किती शस्त्रे नवी आली, किती निवृत्त झाली, त्यांतील किती दुसऱ्या दलांना गेली आणि किती नष्ट झाली. नष्ट केलेल्यांचे क्रमांक त्यात असावेत. दुसरे, निवृत्त शस्त्र कोणत्याही मिषाने बाजारात जाणार नाही, त्याच्या बदल्यात किमतीत सूट घेतली जाणार नाही, हे कायद्यात लिहावे. तिसरे, तुकडे करणे व वितळवणे हे काम शस्त्रे सांभाळणाऱ्या खात्याच्याच एकट्या साक्षीने होऊ नये. न्यायालयाचा प्रतिनिधी आणि विरोधी पक्षाचा एक आमदार तेथे उभा असावा, आणि सुट्या भागांचीही मोजणी व्हावी; कारण जबलपूरच्या प्रकरणात वाट फुटली ती सुट्या भागांतूनच.

कार्यकर्त्यांनी ही मागणी आपापल्या आमदाराकडे न्यावी, पोलीस कुटुंबांच्या वस्त्यांत तिची चर्चा करावी. ती पोलिसांविरुद्धची मागणी नाही. गारखेड्याच्या मैदानावर आज धावणारा मुलगा उद्या ज्या गोळीपुढे उभा राहील, ती एखाद्या सरकारी शस्त्रागारातून निसटलेल्या बंदुकीची असू नये, एवढीच त्यामागची कळकळ आहे. तो मुलगा सरावानंतर वाकून मातीतली रिकामी पुंगळी उचलील आणि मोजून देईल. त्याच्या सरकारने निदान रायफल मोजून दाखवावी.