आत्यांच्या ओव्या

मी मावळातल्या वराळ्याहून बोलतेय. बचत गटाचं काम बघते, त्यामुळे बऱ्याच जणींना माझा आवाज हप्ता मागणारा म्हणूनच ओळखीचा असेल. आज मात्र हप्त्याचं नाही, घरातलं बोलणार आहे.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचं माहेर आंदर मावळात. बोलणं मोजकं. माझ्या माहेराहून फोन आला, कुणाला नुसता ताप आहे म्हटलं, तरी त्या म्हणायच्या, "जा, आत्ताच जा. कामं काय पळून जात्यात?" भाताची लावणी सुरू असली तरी पिशवी हातात द्यायच्या. मला वाटायचं, यांना मी घरात नकोच आहे. आठ-नऊ वर्षं मी ते मनात धरून होते.

मग चुलत दिराचं लग्न निघालं. हळदीला जातं मांडलं, हळकुंड-सुपारी बांधली. आम्हा सुनांना दोन ओव्यांच्या पुढे काही येईना. आत्यांनी खुंटा धरला आणि गायला लागल्या. देवाच्या झाल्या, भावाच्या झाल्या, मग आईच्या सुरू झाल्या. आई आजारी असल्याचा सांगावा आला, पावसाने ओढा भरला होता, सासरचे म्हणाले उद्या जा. त्या पोचल्या तेव्हा आई नव्हती. गाताना त्यांचा आवाज हलला नाही. माझाच हात थांबला.

रात्री मी विचारलं, "आत्या, हे कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "कोण इचारतंय? जात्याला सांगितलं, झालं."

आपल्या मुळशी-मावळातल्या बायकांना मात्र कुणीतरी विचारलं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मुळशीतल्या नांदगाव, कोळवड्याच्या बायका त्यात आहेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहिलं. 2017 पासून 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी ते आवाज राहिले.

आमच्या आत्यांचा नाही राहिला. हळदीनंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या हळदीचे दोनशे फोटो आहेत, पण त्यांची एक ओवी कुणाच्या मोबाइलमध्ये नाही. मला तीन आठवतात. चौथी जुळवायला बसते, तर मधली ओळ सापडत नाही.

बायांनो, वहीत दहा रुपयांचा फरक आला तर आपण हिशोब जुळेपर्यंत उठत नाही. आणि अख्खं माणूस जातं, त्याची नोंद कुठेच नसते.

म्हणून आमच्या गटात आता बैठक संपली की दहा मिनिटं एका म्हातारीची. ती ओवी म्हणते, नाहीतर माहेरचं सांगते. कुणाची तरी शिकणारी लेक वहीत लिहिते, मोबाइलवर आवाज घेते. आधी तिला विचारायचं. ती म्हणाली हे लिहू नका, तर नाही लिहायचं. मध्ये कुणी टोकायचं नाही.

ऐकून घेतलं की सासू-सुनांची भांडणं मिटतात, असं मी म्हणणार नाही. त्या हळदीनंतरही आमची झाली, अगदी आमटीतल्या मिठावरून झाली. पण "आत्ताच जा" म्हटल्यावर मी पुन्हा कधी रागावले नाही. पिशवी उचलायचे आणि निघायचे.

आज संध्याकाळी भाकऱ्या थापताना घरातल्या म्हातारीला एवढंच विचारा, "तुमचं माहेर कसं होतं हो?" आणि तवा तापेपर्यंत गप्प बसा. ती बोलेल.