मूठभर धान्य आणि चोख हिशेब
(तामलवाडी येथील भाषण)



गांवांत वाचनालय किंवा वसतिगृह काढावयाचें म्हटलें, कीं पहिला प्रश्न येतो, "पैसा कोण देणार?" मग डोळे लागतात एखाद्या धनिकाकडे किंवा सरकारी अनुदानाकडे. आमचें म्हणणें असें कीं, आधीं दुसरा प्रश्न विचारावा: हा दाता उद्यां फिरला, तर संस्था उभी राहील काय?

साताऱ्याकडचें उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. तिच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस जेवत. त्या पंगतीसाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं दागिने मोडले; मंगळसूत्रहि दिलें. त्याग थोरच, पण दागिना एकदांच मोडतो, आणि मुलांना भूक रोज लागते. तेव्हां मुष्टिफंडाची रीत पडली. घरच्या बाईनें रोज एक मूठ धान्य संस्थेसाठीं बाजूला ठेवावें. मुलेंहि अंगमेहनत करून शिकूं लागलीं.

१९४८ सालीं मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान बंद केलें. तरी संस्था मोडली नाहीं. रयतेनें ती सांवरली. पुढें अनुदानहि परत सुरू झालें. आज तिचीं शेंकडों विद्यालयें आहेत.

आतां आपल्या गांवाचा हिशेब करूं. मूठ ५० ग्रॅमची धरली, तर १०० घरांचें रोज ५ किलो, महिन्याचें १५० किलो धान्य होतें. कोणाच्या चुलीस त्याची झळ नाहीं. शिवाय मूठ देणारी बाई संस्थेची मालकीण होते. ती विचारते, "माझ्या ज्वारीचें काय केलेंत?" हा प्रश्न म्हणजेच संस्थेचा पहारेकरी.

म्हणून दर महिन्यास जमाखर्च चावडीवर मोठ्यानें वाचावा. अक्षर न येणाऱ्यालाहि तो कळला पाहिजे. इमारतीसाठीं आलेला पैसा रोजच्या खर्चांत घालूं नये. संस्था नोंदली असेल, तर हिशेबतपासणी वेळेवर करावी. १९५० चा सार्वजनिक न्यास कायदाहि हेंच सांगतो.

सावकाराच्या वहींत आमच्या वाडवडिलांचे अंगठे उठले. आंत काय लिहिलें, तें त्यांना ठाऊक नव्हतें. आपल्याच संस्थेची वही आपणांस अशीच परकी राहिली, तर ती संस्था आपली कसली? वर्गणी द्या, आणि हिशेबहि मागा.