पिशवी लागली म्हणून नमाज थांबत नाही

(उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथील आरोग्यविषयक बैठकीत केलेले भाषण)



लघवीतून रक्त गेले तर आपल्याकडे माणूस घरातही सांगत नाही. दुखत नाही, दोन दिवसांत थांबते. मग ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून विषय संपतो. पण न दुखता येणारे हे रक्त मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. या रोगावर आयुष्य घालवलेल्या एका सर्जनची ओळख मला आज करून द्यायची आहे.

इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मन्सूरा शहर आहे. तिथले डॉ. मोहम्मद घोनेम. त्या भागात कालव्याच्या पाण्यात उभे राहून शेती करणाऱ्यांच्या कातडीतून बिल्हार्झियाची अळी शरीरात शिरे. तिची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत साचत, वर्षानुवर्षे सूज राहे आणि पुढे कर्करोग होई. १९८३ मध्ये मन्सूरात मूत्ररोग व किडनीचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले, ते डॉ. घोनेम यांच्या पुढाकाराने. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मूत्राशय काढलेल्या २,७२० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. निवडून घेतलेल्या यशस्वी केसेस नव्हेत, तर ओळीने आलेले सगळे रुग्ण. किती वाचले, किती गेले, दोन्ही लिहिले. संशोधनातला इमान म्हणतात तो हाच.

आपल्याकडे बिल्हार्झिया नाही, पण विडी-सिगारेट आहे, आणि जगभर या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. दुसरे कारण काही रासायनिक रंग. रंगकामगारांना हा रोग होतो, हे जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच दाखवले. बेंझिडीनच्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. प्रत्येक रंग असा घातक नसतो. तरी जीन्स रंगवणाऱ्या आपल्या मुलांना ड्रममध्ये काय आहे ते कळलेच पाहिजे आणि हातमोजे मिळालेच पाहिजेत.

रोग लवकर सापडला तर मूत्राशय काढावे लागतेच असे नाही. दुर्बिणीतून गाठ खरवडतात आणि पुष्कळदा आत बीसीजी सोडतात. बाळाच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी, कॅनडाच्या डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये तिचा हा उपयोग दाखवला. रोग स्नायूत उतरला, की बहुधा मूत्राशय काढण्याचा सल्ला मिळतो. आपल्या मुंबईतही या शस्त्रक्रियेवर काम झाले आहे. पोटाचे आतले आवरण शक्यतो न उघडता मूत्राशय काढण्याची पद्धत टाटा मेमोरियलच्या डॉ. जगदीश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. त्यामुळे आतड्यांना धक्का कमी लागतो.

मग लघवी जाणार कुठून? एक मार्ग म्हणजे आतड्याचा तुकडा जोडून पोटावर तोंड काढायचे आणि बाहेर पिशवी लावायची. दुसरा, आतड्याचेच नवे मूत्राशय शिवून नेहमीच्या वाटेला जोडायचे. दुसरा मार्ग प्रत्येकाला चालत नाही. किडन्या चांगल्या लागतात, आणि रात्री लघवी गळण्याचा त्रास राहू शकतो.

इथे आपल्या लोकांचा पाय अडतो. ‘पिशवी लावून मशिदीत कसा जाऊ? वुजू कसा टिकेल?’ हा प्रश्न रुग्णांच्या घरी मी अनेकदा ऐकला आहे. या भीतीने ऑपरेशन टाळणारेही आहेत. ज्याची लघवी सतत वाहते त्याला फिकहमध्ये माजूर म्हणतात. हनफी मताप्रमाणे त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वुजू करावा. ती वेळ असेपर्यंत केवळ या वाहण्याने तो वुजू तुटत नाही. ही सवलत शेकडो वर्षांपासून ग्रंथांत आहे. जी सवलत दीनने दिली, ती आपण लाजेपोटी का नाकारायची?

बहिणींनाही सांगते, रक्त पाळीचे की लघवीचे अशी शंका आली तर गप्प बसू नका. सेंट्रल हॉस्पिटलला जा, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करायला सांगा. पुढे दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा; रेशनकार्ड जवळ ठेवा.

आणि इमामसाहेबांना एक विनंती. जुम्म्याच्या बयानात एवढेच सांगा, की लघवीतून रक्त गेले तर डॉक्टरकडे जा, आणि पिशवी लागली तर नमाजला या. तुमच्या तोंडून ते ऐकले, तर आमच्या दहा बैठकांपेक्षा जास्त काम होईल.