माथेरानच्या गाडीला उसनी चाकं

(मंडळाच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेलं भाषण)

माझे बाबा लहानपणी नेरळहून माथेरानला वाफेच्या गाडीने गेले होते. ते सिंगापूरला यायचे ठरले तेव्हा म्हटलं, तेच इंजिन जेवणाच्या टेबलावर चालवून दाखवू.

ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुरू केली. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, सहा चाकांची. त्यांचे पुढचे-मागचे आस क्लिन-लिंडनर पद्धतीचे, म्हणजे पोकळ आसाच्या आत दुसरा आस. त्यामुळे ती चाकं वळणावर बाजूला सरकतात. घाटात गाडी टिकली ती या युक्तीवर.

मला काही याचं तयार मॉडेल मिळालं नाही. मग आम्ही छंदवाले काय करतो? नऊ मिलिमीटर रुळावर धावणाऱ्या एन गेजच्या इंजिनाची मोटर, गिअर आणि चाकं, म्हणजे अख्खा चॅसिस उसना घेतो आणि त्यावर आपली बॉडी चढवतो. १:७६ प्रमाणात दोन फूट म्हणजे आठ मिलिमीटर. एका मिलिमीटरचा फरक डोळ्याला खुपत नाही. १:८७ ला मात्र सातच होतात आणि गाडी फेंगडी दिसते.

मी चुकलो ते इथे. सहा चाकं हवीत म्हणून सहा चाकांचा जुना चॅसिस घेतला. चाकं मोठी, पहिल्या-शेवटच्या आसातलं अंतर लांब, आस जागचे हलायला तयार नाहीत. टेबलावरच्या वळणात दर फेरीला गाडी खाली. हळू चालवावी तर अडते, जोर दिला तर सुसाट! बाबा म्हणाले, “अरे, ही तर डेक्कन क्वीन.” हसले, पण पेपर उचलला.

दुसऱ्या वेळी आधी फूटपट्टी घेतली. ट्रामसाठी मिळणारा छोटा जपानी चारचाकी चॅसिस निवडला, कारण तो अगदी संथ सुटतो. मधली दोन चाकं खोटी, रुळापासून केसभर वर. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत. मोटर केबिनमध्ये डोकावत होती, तिला काळा रंग दिला आणि पुढे ड्रायव्हर बसवला. पाण्याच्या टाक्यांत शिसं भरलं, नाहीतर चढावर चाकं नुसती फिरतात.

गाडी मुंगीच्या पावलांनी वळणातून गेली. बाबांचा चहा निवला. मग म्हणाले, “वॉटरपाईप स्टेशन कुठाय?”

सध्या तेच बांधतोय.