धंद्याचं गणित आणि आपण

(रत्नागिरीत कॉमर्सच्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी मॅट्रिक. दिवसा धक्क्यावर ओझी वाहतो, रात्री कविता लिहितो. मला कॉलेजच्या पोरापोरींपुढे संख्याशास्त्रावर बोलायला उभं केलंय, हे ऐकून आमच्या टोळीतली माणसं पोट धरून हसली. पण तुमच्यातल्या सात-आठ जणांचा गणिताचा पेपर राहिला आणि दोघं कॉमर्स सोडून आर्ट्सला निघालेत असं कानावर आलं, म्हणून आलोय. आर्ट्सबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः कवी माणूस. पण आवडतं म्हणून जाणं वेगळं, आणि आकड्यांनी हाकललं म्हणून जाणं वेगळं.

ही पुस्तकं मी वाचलीत. खोलीतला दोस्त बी.कॉम.ला होता. तो कामावर गेला की त्याची पुस्तकं माझी. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला पहिल्याच वर्षी बरीच वर्षं गणिती आणि सांख्यिकी तंत्रांचा पेपर होता. शेअर्स, चक्रवाढ व्याज, सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, निर्देशांक, संभाव्यता, लिनिअर प्रोग्रॅमिंग. पेपरांची नावं बदलतात, सेमिस्टर बदलतात, आतला माल तोच राहतो. पोरं तो कसा शिकतात? सूत्र पाठ, क्लासवाल्याच्या नोट्स पाठ, परीक्षा झाली की सगळं समुद्रात. आणि वर्गात कुणीतरी सुनावतंच, गणित हे तुमच्या लोकांचं काम नाही, तुम्ही सवलतीने आलात.

तुमच्या लोकांचं काम नाही! एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा वर्गात गलका उठला. फळ्यामागे सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते डबे हलवल्यावरच त्यांचा हात फळ्याला लागला. त्याच पोराने 1918 साली सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी धरली. 1913 साली निघालेलं, या देशातलं जुनं आणि मानाचं कॉमर्स कॉलेज. तेव्हा कॉमर्सच्या वर्गात आपण कालपरवा शिरलेलो नाही. शंभर वर्षांमागे आपला माणूस तिथे खडू घेऊन उभा होता.

आणि आकडेमोड आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हती, असंही कुणी समजू नये. त्यांच्यावर ती रोज केली जात होती. हा रत्नागिरी जिल्हा खोतांचा. भात उभं असतानाच खोत बांधावर यायचा, नजरेने अंदाज करायचा, इतकं पिकेल. त्याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर अर्धेल कुळाने अर्धं द्यायचं, तिर्धेलाने तिसरा हिस्सा. पाऊस नंतर पडो न पडो, आकडा आधीच ठरलेला. कॉलेजात ज्याला 'एस्टिमेट' म्हणतात ते हेच. फरक इतकाच की पुस्तकातल्या एस्टिमेटला चूक किती असू शकते ते सोबत लिहावं लागतं. खोताच्या एस्टिमेटला चूक नव्हतीच, कारण चूक दाखवायला कुळाकडे दुसरा आकडा नव्हता. मंडणगडातल्या आंबडव्याचं ज्यांचं मूळ घर, त्या बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कायदा व्हायला 1949 उजाडलं.

आता सरासरी. समजा एका कंपनीत दहा माणसं. आठ हमाल दहा-दहा हजारांवर, मुकादम तीस हजारांवर, मॅनेजर एक लाख चाळीस हजारांवर. बेरीज अडीच लाख. सरासरी पगार पंचवीस हजार. कंपनी पेपरात छापणार, आमच्याकडे सरासरी पंचवीस हजार पगार! खोटं कुठे आहे? कुठेच नाही. पण त्या दहांत पंचवीस हजार मिळवणारा माणूस शोधून दाखवा. आता दहाही जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभे करा आणि मधल्याचा पगार बघा. दहा हजार. याला मध्यक म्हणतात. पाच मार्कांचा प्रश्न म्हणून तुम्ही तो सोडून देता. युनियनचा जो माणूस वाटाघाटीला बसून 'सरासरी नको, मध्यक सांगा' असं म्हणेल, त्याच्यापुढे मालकाचा अकौंटंट खुर्चीत सरळ होऊन बसेल.

लिनिअर प्रोग्रॅमिंगची गोष्ट तर ऐकाच. 1945 साली स्टिगलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने गणित घातलं. एका माणसाला जगायला लागणारी सगळी सत्त्वं मिळाली पाहिजेत आणि खर्च कमीत कमी झाला पाहिजे, तर त्याने काय खावं? 77 पदार्थ घेतले. उत्तर निघालं, गव्हाचं पीठ, डब्याचं दूध, कोबी, पालक, सुका घेवडा. 1939 च्या भावाने वर्षाला 39 डॉलर 93 सेंट. दोन वर्षांनी डँट्झिगच्या नव्या पद्धतीचा कस लावायला हेच गणित घेतलं. नऊ कारकून हाताच्या यंत्रांवर बसले, एकशेवीस माणूस-दिवस खपले, आणि उत्तर आलं 39 डॉलर 69 सेंट. चोवीस सेंट वाचले! पद्धत अफाट आहे, त्यात वाद नाही. आज जहाज, गोदाम, विमान, ट्रक सगळं तिच्यावर चालतं. पण गणिताची पहिली ओळ नीट बघा. 'कमीत कमी करा.' काय कमी करा? त्या माणसाच्या ताटाचा खर्च. 'जास्तीत जास्त करा' असं त्याच्या ताटाबद्दल कुणी लिहिलं नाही. पहिली ओळ माणूस लिहितो, यंत्र नाही. खालचं सगळं गणित शंभर टक्के बरोबर असतं आणि पहिल्या ओळीतच आपला निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे 1971 साली दांडेकर आणि रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून दारिद्र्य मोजलं. 2,250 उष्मांकांचा हिशेब धरला, 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. तेवढंही न मिळणारे खेड्यात चाळीस टक्के, शहरात पन्नास टक्के. पंधरा रुपयांत माणूस जगतो की नुसता श्वास घेतो, यावर भांडा, जरूर भांडा. पण त्या आकड्याने दिल्लीला तोंड लपवायला जागा ठेवली नाही, हेही कबूल करा.

आता माझ्या धक्क्यावर या. रांगेचं एक शास्त्र आहे, क्यूइंग थिअरी. 1909 साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग नावाच्या माणसाने त्याचा पाया घातला. फोन लावणारे किती, तारा किती, थांबावं किती लागेल. तेच बंदराला लागू होतं. समजा धक्का दिवसाला सरासरी 5 जहाजं रिकामी करू शकतो आणि 4 येतात. वाटतं, आरामात निभेल. नाही. जहाजं घड्याळ लावून येत नाहीत, त्यामुळे उतरत असलेलं धरून सरासरी 4 जहाजं अडकलेली असतात. चाराची साडेचार झाली तर अडकलेली नऊ! अर्धं जहाज वाढलं आणि खोळंबा दुप्पट. म्हणून बंदरवाला हिशेब करतो. जहाज थांबलं तर डेमरेज भरावं लागतं, तासातासाचं. टोळ्या वाढवल्या तर मजुरी वाढते. दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तितक्या टोळ्या लावायच्या.

पुस्तकात हे गणित वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्यात एक जागा रिकामी होती. जहाज थांबलं की पैसे लागतात. मी पहाटे सहाला गेटवर जातो, अकराला हाक येते, कधी येतच नाही. माझ्या पाच तासांचे किती? शून्य. रोजंदारीवरच्या माणसाचं थांबणं समीकरणात शून्य रुपयांचं आहे. म्हणून जहाजाची रांग छोटी ठेवायची आणि माणसांची लांब. गेटवर पन्नास जण उभे असले की मालकाचा फायदाच, टोळी केव्हाही तयार. यात मुकादम वाईट, मॅनेजर राक्षस असं काही नाही. मॅनेजर सज्जन असला तरी उत्तर तेच येणार. त्या शून्याला शून्याने भागा, गुणा, काहीही करा!

पण शून्य हलवता येतं, हे या देशात घडलंय. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा आला. त्याखाली मोठ्या बंदरांत मंडळं झाली. नोंदणी झालेला कामगार हजर राहिला आणि काम मिळालं नाही, तरी त्याला हजेरीचे पैसे. म्हणजे समीकरणात शून्याच्या जागी आकडा बसला. आकडा बसताच माणसांची रांग लांब ठेवणं मालकाला परवडेना. 1969 चा माथाडी कायदा त्याच वळणाचा. मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून फंड, रजा, बोनस. हे सगळं युनियनांनी रस्त्यावर लढून घेतलं. पण मोठ्या बंदराबाहेरच्या छोट्या जेटीवर, कंत्राटदाराच्या हाताखाली, माझा शून्य अजून शून्यच आहे.

निर्देशांकाचीही तीच कथा. मुंबईच्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकावर चालायचा. कामगार ओरडत होते की बाजारात भाव चढलेत आणि तुमचा निर्देशांक झोपलाय. 1963 साली सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. समितीने दोष दाखवले, निर्देशांक दुरुस्त करून वर न्यावा लागला, भत्ता वाढला. संपाने दार उघडलं खरं, पण आत जाऊन कुठल्या मालाचा भाव कुठे चुकीचा धरलाय हे बोट ठेवून सांगायला निर्देशांक कळणारी माणसंच लागली.

आपल्या चळवळीतले काही दोस्त म्हणतात, हे भांडवलदाराचं शास्त्र, नफ्याचं हत्यार, आपण कशाला हात लावायचा? मी त्यांना विचारतो, बाबासाहेबांचा 1918 चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचलात? सगळे पंडित सांगत होते, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारलं, लहान कशाच्या मानाने? जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, ती कसायला किती भांडवल, किती अवजारं, किती माणसं आहेत त्या प्रमाणावर ठरतं. शेतीवर रिकामे हात फार, त्यांना उद्योग द्या, असं उत्तर त्यांनी काढलं. एका गुणोत्तरावर अख्खा वाद उलटा केला. 1923 साली रुपयावरचं पुस्तक आलं, तेही आकड्यांच्या जंगलातून. हे सगळं काय भांडवलदाराची चाकरी होती?

तेव्हा कॉमर्स सोडायचं नाही. ज्या दोघांनी अर्ज भरलेत त्यांनी ते परत घ्यावेत, निदान आठ दिवस थांबावं. येत्या रविवारपासून संध्याकाळी इथेच बसायचं. आमच्यातली एक ताई बँकेत आहे, ती सरासरी आणि विचलन घेईल, रांगेचं मी घेईन. पुस्तकातली उदाहरणं नंतर. प्रत्येकाने घरातल्या कमावत्या माणसाची तीन महिन्यांची पगाराची पावती आणायची. पावती मिळत नसेल तर किती वाजता गेले, किती वाजता हाक आली, किती वाजता सुटले, ते वहीत रोज लिहून आणायचं. पेन्सिल, खोडरबर आपापलं.