वाट ठरवेल त्याचे जाळे

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या केबल व इंटरनेट व्यवसायातील बंधुभगिनींनो,

या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, ऋणी आहे. आभारात फार वेळ घालवत नाही. निम्म्या सभागृहाचे लक्ष मोबाइलवर आहे. कुठेतरी जेसीबीने फायबर तोडली असणार!

1991च्या आखाती युद्धानंतर घरोघरी केबल टीव्ही आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी गच्चीगच्चीवरून तारा ओढल्या. पुढे त्याच ओळखीवर, त्याच खांबांवर इंटरनेट आले. आज तार आपली, गिऱ्हाईक आपले, रात्री दोनला येणारा फोनही आपलाच. पण आयपी पत्ते दुसऱ्याचे आणि डेटा कुठून न्यायचा हा निर्णयही दुसऱ्याचा. मग हे जाळे कोणाचे? माझे उत्तर सरळ आहे: जो वाट ठरवतो, त्याचे.

ही वाट आपल्या हाती घ्यायची, तर सुरुवात घरापासून, म्हणजे लॅन या स्थानिक जाळ्यापासून करू. ठरावीक छापाच्या स्वस्त स्विचांची माळ लावून अख्खा वॉर्ड जोडला, तर ते जाळे नव्हे, गोंधळाला दिलेले आमंत्रण. एखादे गिऱ्हाईक आपला राउटर उलटा जोडते, वॅनऐवजी लॅनच्या भोकात वायर खुपसते, आणि तो राउटर सगळ्या गल्लीला पत्ते वाटू लागतो. तक्रार येते ती मात्र ‘नेट स्लो आहे’ अशी. व्हीएलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळी आभासी जाळी, पाडून प्रत्येक भाग वेगळा ठेवला आणि पत्ते वाटण्याचा हक्क एकाच यंत्राला दिला, तर हा उपद्व्याप त्या एका घरापुरता राहतो.

पत्त्यांचे नियोजनही पहिल्या दिवशीच करावे. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांमध्ये एकट्या 10ने सुरू होणाऱ्या गटात 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्ते आहेत. तरी आपण सगळे 192.168.1 वरच संसार थाटतो. पुढे शेजारच्या गावाशी जोडायची वेळ आली की दोन्हीकडे तेच पत्ते निघतात. गावाला एक, वॉर्डाला एक, असा हिशेब आधी कागदावर मांडा.

आता इमारतीबाहेर पडू. इथरनेटची तांब्याची तार 100 मीटरपर्यंतच चालते, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती दोन इमारतींमध्ये टाकूच नये. अर्थिंगमधला फरक आणि वळवाच्या पावसातली वीज, दोन्ही मिळून पोर्ट जाळतात. तिथे फायबरच हवी. डोंगर किंवा नदी आडवी आली तर वायरलेस. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005मध्ये आणि 5 गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा 2018मध्ये परवानामुक्त झाला. मात्र समोरचा टॉवर नुसता दिसला म्हणून भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्झवर 10 किलोमीटरची लिंक असेल, तर मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे 11 मीटर त्रिज्येचे क्षेत्र लहरी वापरतात आणि त्यातले साठ टक्के तरी मोकळे लागते. उन्हाळ्यात उत्तम चाललेली लिंक श्रावणात का रडते, ते मधल्या झाडांच्या शेंड्यांना विचारा.

तालुका, जिल्हा या पातळीवर आलो की खरी कसोटी लागते. आतल्या वाटा राउटरांनी ओएसपीएफ या पद्धतीने आपसात शोधाव्यात, म्हणजे एक फायबर तुटली तरी डेटा दुसऱ्या बाजूने फिरतो. बाहेरच्या जगाशी बोलायला आयआरआयएनएन या भारतीय नोंदणी संस्थेकडून स्वतःचा एएस क्रमांक, म्हणजे जाळ्याची स्वतंत्र ओळख, व पत्ते घ्यावेत आणि दोन कंपन्यांशी बीजीपी या जाळ्याजाळ्यांतल्या वाटा ठरवणाऱ्या पद्धतीने जोडून घ्यावे. पण दोघींच्या फायबर एकाच पुलावरून येत असतील, तर बिले दोन आणि लाइन एकच, हे ध्यानात ठेवा.

हे सगळे मोठ्या भांडवलाचेच काम आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या ओसोना परगण्यात कंपन्या वाड्यावस्त्यांकडे फिरकत नव्हत्या, म्हणून 2004मध्ये रामोन रोका आणि त्यांच्या सोबत्यांनी वायफायच्या लिंकांनी गुइफीडॉटनेट हे सामाईक जाळे उभारायला घेतले. 2008मध्ये त्याचे प्रतिष्ठान झाले, पुढे फायबरही आली, आणि केंद्रांची संख्या 35 हजारांपुढे गेली. तिथे धंदा करणाऱ्या छोट्या कंपन्याही आहेत. जाळे सामाईक, सेवा ज्याची त्याची, आणि खर्चाची वाटणी लेखी नियमांनी. यश अँटेनाचे आहेच, त्याहून अधिक या नियमांचे आहे.

उलट बाजूही पाहा. क्युबाच्या हवानातल्या तरुणांनी गच्च्यांवरून तारा आणि अँटेना लावून एसनेट हे जाळे उभे केले. इंटरनेटशी न जोडलेले, तरी हजारो घरांत पोचलेले, खेळांनी आणि गप्पांनी गजबजलेले. 2019च्या नव्या सरकारी नियमांत ते बसेना आणि अखेर होवेन क्लब या सरकारी संगणक केंद्रांच्या हाती गेले. कौशल्य अव्वल होते, पायाखाली कायद्याची जमीन नव्हती. म्हणून सांगतो, आपल्या आवारातले जाळे हवे तसे बांधा. इंटरनेट विकायचे असेल तर परवाना घ्याच, आणि खांबांची, खोदाईची परवानगी लेखी ठेवा.

या अधिवेशनापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येकाने आपल्या जाळ्याचा नकाशा तयार करावा: कोणती फायबर कुठून जाते, जोड कुठे आहे, त्यात किती डीबी सिग्नल वाया जातो. आज हा नकाशा एकाच लाइनमनच्या डोक्यात असतो आणि तो गावच्या जत्रेला गेला की धंदा देवाच्या भरवशावर. दुसरी, खांब आणि नळ्या वाटून घ्या. एकाच रस्त्यावर चौघांनी चार चर खणण्यात कोणाचेच भले नाही. तिसरी आणि महत्त्वाची, एकमेकांशी थेट जोडून घ्या. तुमच्या गिऱ्हाइकाने समोरच्या गल्लीतल्या आपल्या दुकानाचा कॅमेरा पाहायचा आणि ते चित्र मुंबईला जाऊन परत यायचे, कारण दुकानाची लाइन दुसऱ्या ऑपरेटरची! दोघांच्या ऑफिसांमध्ये एक फायबर टाकली की ही यात्रा संपते.

तेव्हा इथून निघण्यापूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या स्पर्धकाला गाठा, त्याचा नंबर घ्या आणि जोडणीची तारीख ठरवूनच घरी जा.