चित्र सुरेख हवे की स्थिर?

मे महिन्यात शिरपूरचे रस्ते दुपारी ओस पडतात. तापीच्या खोऱ्यातील ऊन चाळीस अंशांच्या वर जाते आणि सुटीवर आलेली मुले घरात कोंडली जातात. अशा वेळी एखाद्या सुखवस्तू घरातील इंजिनियरिंगचा विद्यार्थी आभासी वास्तवाचा हेडसेट काढून बसला, तर सारे घर त्याच्याभोवती जमणार हे उघडच आहे. भावंडांची पाळी होते, मग कौतुकाने आजीबाईंच्या डोळ्यांवरही ते यंत्र चढविले जाते. दोन मिनिटांत आजीबाई ते उतरवितात. एक तर समोरचे सारे धूसर दिसले आणि शिवाय डोके गरगरले.

मुलाला यांतली पहिली तक्रार तेवढी ऐकू येते. चित्र धूसर, तर ते अधिक बारीक करावे, असे ठरवून तो रेझोल्यूशनचा काटा शेवटपर्यंत सरकवितो. पुढची पाळी ज्याची येते त्याला चित्र स्वच्छ दिसते खरे, पण मान वळविताच सारी सृष्टी अडखळत मागून येते आणि मळमळू लागते. संध्याकाळी वडिलांपुढे मागणी जाते की, ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे हवे. हा कित्येक हजारांचा खर्च पुष्कळदा टाळता येण्याजोगा असतो. मात्र त्यासाठी हे यंत्र काय करते, ते ध्यानात घ्यावयास हवे.

२०२३ साली निघालेल्या क्वेस्ट ३ या हेडसेटात प्रत्येक डोळ्यापुढे २०६४ गुणिले २२०८ बिंदूंचा पडदा असतो. दोन्ही डोळे मिळून सुमारे ९१ लाख बिंदू झाले. सेकंदाला ९० चित्रे दाखवावयाची म्हणजे ८२ कोटी बिंदू दर सेकंदास रंगवावे लागतात. प्रत्यक्षात काम याहून अधिक असते. भिंगामुळे चित्र वाकते. ते डोळ्याला सरळ दिसावे म्हणून संगणक ते आधीच उलट वाकवून ठेवतो, आणि त्या ओढाताणीत मध्यभाग फिका पडू नये यासाठी पडद्याहून मोठे चित्र काढतो. २०१६ सालच्या व्हाइव्ह या हेडसेटात पडदा १०८० गुणिले १२०० चा होता, पण चित्र १५१२ गुणिले १६८० चे काढले जाई. म्हणजे काम जवळजवळ दुप्पट. सेटिंगच्या पानावर शंभर टक्के असे लिहिलेले असते, त्यात ही दुप्पट आधीच धरलेली असते. दीडशे टक्के करणाऱ्याला याची कल्पना क्वचितच असते.

आणि हे सारे करावयास मुदत किती? ९० चित्रांच्या हिशेबाने एका चित्रास ११.१ सहस्रांश सेकंद. १२० चित्रे मागितली तर ८.३, आणि ७२ वर समाधान मानले तर १३.९. मुदत चुकली की ते चित्र वाया गेले.

येथे कोणी म्हणेल, सिनेमाला तर इतकी चित्रे कधीच लागली नाहीत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. त्या काळी सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे पुरत, आणि कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो सारख्या वेगाने फिरविणारा हात हेच मोठे कसब होते. प्रक्षेपकाची झडप एकच चित्र दोनदा-तीनदा उघडझाप करून दाखवी, म्हणून लुकलुक जाणवत नसे. पण तेथे प्रेक्षक खुर्चीत आणि पडदा भिंतीवर. प्रेक्षकाने मान वळविली तर पडदा काही वळत नाही, आणि वळावा अशी अपेक्षाही नसते. हेडसेटात मान वळली की जग वळले पाहिजे. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘वळलो’ म्हणते, डोळे ‘अजून नाही’ म्हणतात. घाटातील एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याला जे होते तेच मग खोलीत बसून होते.

चित्र उशिरा आले तर यंत्र एक तोड काढते. मागचेच चित्र मानेच्या अंदाजाने थोडे सरकवून पुन्हा दाखविते. खरी चित्रे ४५, बाकीची ४५ अशी उसनी. दूरच्या डोंगरावर हे खपून जाते. पण हातातील तलवार, जवळचा खांब यांच्या कडा दुहेरी होतात आणि थरथरतात.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फडपद्धतीने शेती भिजविण्याची जुनी वहिवाट आहे. बंधाऱ्यात पाणी किती ते आधी पाहावयाचे आणि मग त्या साली किती फड भिजवावयाचे ते ठरवावयाचे. पाणी थोडे असताना सगळ्याच फडांना पाट सोडला तर कोणतेच पीक हाती लागत नाही. कार्डाची शक्ती हे ते पाणी आणि रेझोल्यूशन हे क्षेत्र, असे धरले म्हणजे पुढची कृती सोपी होते.

प्रथम गती ठरवावी. साधारण कार्ड असेल तर ७२ किंवा ८०, चांगले असेल तर ९०. मग खेळातील सर्वांत गर्दीच्या ठिकाणी उभे राहावे, रिकाम्या दालनात केलेली परीक्षा फसवी असते. स्टीमव्हीआरमध्ये प्रत्येक चित्रास लागलेल्या वेळेचा आलेख दिसतो, तो पाहत रेझोल्यूशन दहा-दहा टक्क्यांनी उतरवावे. मुदतीच्या आत थोडी फट राहीपर्यंत उतरवावे, कारण गर्दी आणखी वाढणारच. हे टक्के क्षेत्रफळाचे असतात. ६४ टक्के म्हणजे प्रत्येक बाजू ८० टक्के, तेव्हा आकडा दिसतो तितका भयंकर नसतो. दर खेळाचे सेटिंग निराळे ठेवता येते, आणि काही खेळ पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल मानीत नाहीत. सावल्या कमी केल्या तरी पुष्कळ वेळ वाचतो. मात्र रेझोल्यूशन निम्मे करूनही आलेख हलला नाही, तर दोष कार्डाचा नसून मुख्य प्रोसेसरचा आहे. मग नवे कार्ड आणून उपयोग नाही. बिनतारी जोडणीत अधूनमधून बसणारे धक्के हा तर वायफायचा प्रश्न, त्याचा या साऱ्याशी संबंध नाही.

खानदेशात आणखी एक गोष्ट आहे. कार्ड तापले की स्वतःचा वेग आपणच कमी करते. डिसेंबरात बसविलेले सेटिंग मेच्या दुपारी टिकत नाही. उन्हाळ्यासाठी काटा थोडा खाली ठेवावा, संगणक भिंतीपासून दूर सरकवावा आणि जाळीतील धूळ काढावी.

राहता राहिले आजीबाईंचे धूसर चित्र. त्याला रेझोल्यूशन बहुधा कारणच नव्हते. दोन बुबुळांमधील अंतर माणसामाणसांत निराळे असते आणि भिंगे त्याप्रमाणे सरकवावी लागतात. २०२० सालच्या क्वेस्ट २ मध्ये यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणा होत्या. नातवाच्या डोळ्यांना जुळविलेली भिंगे आजीला धूसरच दिसणार. पुन्हा प्रयोग करावयाचा तर आजीबाईंना खुर्चीत बसवावे, भिंगे त्यांच्या डोळ्यांप्रमाणे सरकवावी आणि प्रथम असे दृश्य लावावे की ज्यात त्यांना जागचे हलावे लागणार नाही.